खणीत स्कूबा: कोल्हापूर परिसरात गोड्या पाण्याची जागा कशी तपासायची आणि त्यात कसं उतरायचं

मालवण-तारकर्लीला स्कूबा करून आलेली माणसं आता कोल्हापुरात प्रत्येक तालमीत भेटतात. त्यातल्या बहुतेकांनी केलेली असते ती ओळखीची डाइव्ह: इन्स्ट्रक्टर मागून सिलिंडर धरून असतो, बीसीडीत (तरंगण्यासाठी हवा भरायच्या जाकिटात) हवा तोच भरतो, कान मोकळे करायची खूणही तोच करतो. त्या अनुभवावर खणीत किंवा धरणात उतरायचं नाही. हा लेख ज्यांच्याकडे किमान ओपन वॉटर कार्ड आहे, म्हणजे १८ मीटरपर्यंत बडीसोबत (पाण्यातल्या जोडीदारासोबत) स्वतःच्या जबाबदारीवर जाण्याचं प्रशिक्षण ज्यांनी पूर्ण केलं आहे, त्यांच्यासाठी आहे. कार्ड नसेल तर आधी तारकर्लीच्या एमटीडीसी केंद्रात किंवा दुसऱ्या मान्यताप्राप्त ठिकाणी ते करून घ्यावं.

समुद्रात डाइव्हची बोट, जागा, वेळ सगळं दुसऱ्याने ठरवलेलं असतं. इथं तसं कुणी नाही. खणीच्या तळाशी काय आहे, पाणी कुठून येतं, कुठं ओढलं जातं, वर कोण मोटार लावून बसलंय, हे आपणच शोधायचं. म्हणून पाण्यातल्या अर्ध्या तासासाठी काठावर दोन दिवस घालवायची तयारी ठेवा. गोड्या पाण्यात जे बिघडतं त्यातलं बरंचसं काठावरून आधीच दिसू शकत होतं.

आधी काय सोडून द्यायचं

नदी सोडून द्या. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी घेऊन येणारी पंचगंगा गाळाची नदी आहे. उन्हाळ्यात सुद्धा हाताची बोटं दिसतील याची खात्री नाही, आणि शहराचं सांडपाणी तिच्यात येतं. कृष्णेचा विचार असेल तर भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात मगरी आहेत, आणि पुराच्या पाण्याबरोबर त्या जागा बदलतात.

पण सगळ्यात मोठा धोका बंधाऱ्याचा. आपल्याकडचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे बरगे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्या, घालून पाणी अडवतात. वरच्या बाजूचं पाणी संथ दिसतं आणि माणूस फसतो. एखादा बरगा निघालेला किंवा कुजलेला असेल तर त्या फटीतून पाणी खालच्या बाजूला ओढलं जातं. दोन्ही बाजूंच्या पातळीत १ मीटरचा फरक असेल तर फटीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १,००० किलोचा दाब पडतो. म्हणजे ३० बाय ३० सेंटिमीटरच्या भोकात पाठ अडकली तर ९० किलो, आणि पातळीत ३ मीटरचा फरक असेल तर २७० किलो. यातून हाताने सुटता येत नाही, आणि बडी ओढायला गेला तर तोही चिकटतो. हाच प्रकार उपसा सिंचनाच्या जॅकवेलच्या (पाणी उचलायच्या विहिरीच्या) तोंडाशी आणि मोटारीच्या फूटव्हॉल्व्हपाशी होतो. बंधारा, जॅकवेल, धरणाचा दरवाजा किंवा विमोचक (पाणी सोडायचं तोंड) यांच्या २०० मीटरच्या आत स्कूबा नाही, ही मर्यादा आम्ही सवलत न देता पाळायला सांगतो.

शहरातले तलावही यादीतून काढा. कळंबा पिण्याच्या पाण्याचा आहे. रंकाळ्यात सांडपाणी आणि शेवाळ यांचा त्रास जुना आहे. इराणी खण नावाने मोहात पाडते, पण तिथं गणेशमूर्तींचं विसर्जन होतं. मूर्तींच्या आतल्या लोखंडी सळ्या, काथ्या, तारा तळाशी असणार हे गृहीत धरावं लागतं. न दिसणाऱ्या पाण्यात तार पायाला लागली की सोडवता सोडवता हवा संपते.

राधानगरी, काळम्मावाडी, तुळशी ही धरणं पाण्याच्या दृष्टीने त्यातल्या त्यात बरी. पण परवानगीचं काम मोठं आहे. जलाशय जलसंपदा खात्याचा. राधानगरी आणि काळम्मावाडीचा बराच काठ अभयारण्याला लागून किंवा अभयारण्यात असल्यामुळे वन खात्यालाही विचारावं लागतं. काळम्मावाडीतून शहराच्या थेट पाइपलाइनला पाणी उचललं जातं, त्यामुळे त्या बाजूला जायचंच नाही. आणि राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पातळी भरली की ते कुणी बटण न दाबता उघडतात. पावसाळ्यात तिथं पाण्यात असण्याचं काहीच कारण नाही.

उरली ती बंद पडलेली दगडाची खण. आमच्या मते कोल्हापूरच्या आसपास स्कूबाच्या सरावाला योग्य जागा तीच. इंग्लंडमधलं स्टोनी कोव्ह हे असंच दगडाच्या जुन्या खाणीत तयार झालेलं डाइव्ह केंद्र. तिथं खाणकामाच्या वेळी सुटलेल्या पायऱ्यांचा फायदा घेतलाय: वरच्या पायरीवर शिकणारे, खालच्या पायरीवर अनुभवी. आपल्या काळ्या दगडाच्या खणीही पायऱ्यांनीच फोडलेल्या असतात. वाहतं पाणी नाही, आवर्तनाने पातळी घटत नाही, गाळ आणणारा ओढा नसेल तर पाणी निवळतं.

खणीची पाहणी

पहिलं काम कागदाचं. जमीन कुणाची, भाडेपट्टा चालू आहे का, हे तलाठ्याकडून आणि ग्रामपंचायतीतून कळतं. मालकाचं लेखी पत्र घ्या. पोलिस पाटलांना आणि सरपंचांना तारीख सांगून ठेवा. हा केवळ शिष्टाचार नाही. पाण्यावर बुडबुडे दिसताहेत आणि माणूस दिसत नाही, एवढं पाहून गावातलं कुणीतरी वाचवायला उडी घेऊ शकतं.

त्याच भेटीत खणीत काम केलेल्या जुन्या माणसाला गाठा. त्याला हे विचारा: काम कधी थांबलं? थांबलं तेव्हा पाणी उपसून यंत्रं बाहेर काढली की पाणी भरलं म्हणून तशीच सोडली? तळाशी पंप, पाइप, ड्रिलचे रॉड, वायर रोप राहिलेत का? रस्ता कुठून खाली उतरत होता? शेवटचा सुरुंग कुठल्या बाजूला लावला, आणि न उडालेली कॅप (सुरुंग उडवणारा डिटोनेटर) राहिल्याचं कुणाच्या ऐकिवात आहे का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "हो" किंवा "काय माहीत" असेल तर ती खण सोडा. शेजारच्या खणीत अजून सुरुंग लागत असतील तरीही सोडा. पाण्यात धक्क्याची लाट हवेपेक्षा फार जोराने पोचते, आणि कान-फुप्फुसं ती सोसत नाहीत. वरून दगड सुटतील ते वेगळंच.

मग भिंती बघा. बेसाल्टला उभे सांधे असतात आणि सुरुंगाने ते सैल झालेले असतात. पाण्यावर कडा पुढे आलेली असेल, ताजा दगड पडल्याची फिकट खूण असेल, किंवा पिंपळ-वडाची मुळं फटीत शिरली असतील, त्या भिंतीपासून तिच्या उंचीएवढं अंतर ठेवा. खाली उतरणारा जुना डंपरचा रस्ता हीच आत-बाहेर करायची जागा. सिलिंडर पाठीवर घेऊन १५ ते २० किलोचं वजन खडकावरून नेताना घोटा सहज मुरगळतो.

मोटारी मोजा. खणीच्या पाण्यावर ऊस पिकवणारे शेतकरी असतात. काठावरच्या प्रत्येक केबलचा माग काढा: कुठली कुठल्या मोटारीला जाते, कुठं जोड दिलाय, जोड पाण्यात आहे का. डाइव्हच्या वेळी स्टार्टर बंद करून फ्यूज काढून आपल्या माणसाच्या खिशात ठेवायचे. "लाइट गेलीय" हा भरवसा नाही, कारण ती कधी येईल ते कुणाला सांगता येत नाही, आणि ऑटो स्टार्टर लावलेला असेल तर मोटार आपोआप सुरू होते.

आता खोली. ३० मीटर नायलॉन दोरी घ्या, दर मीटरला गाठ आणि दर पाच मीटरला रंगीत कापड बांधा, टोकाला २ किलोचं वजन लावा. हवा भरलेल्या ट्रकच्या ट्यूबवर किंवा छोट्या होडीतून, लाइफ जॅकेट घालून, काठापासून काठापर्यंत दर ५ मीटरला वजन सोडून आकडा वहीत लिहा. तीन-चार रेषा घेतल्या की पायऱ्यांचा नकाशा तयार होतो. वजन टेकतं तेव्हा दगड असेल तर दोरीला ठक्क बसतं. गाळ असेल तर दोरी सैल पडत जाते आणि वर आलेल्या वजनाला चिखल असतो. वजन कुठं अडकलं तर ती जागा फुलीने दाखवा: तिथं झाड, जाळं किंवा लोखंड आहे.

पहिल्या डाइव्हसाठी ६ ते १० मीटरवर दगडी पायरी मिळाली तर उत्तम. १८ मीटरच्या खाली तळ असलेल्या सरळ उभ्या खणीत नवख्यांना नेऊ नये, कारण चुकून खाली घसरलं तर मध्ये थांबायला काही नाही.

पाणी किती निवळ आहे हे मोजायला २० सेंटिमीटर व्यासाची स्टीलची ताटली पुरते. तिचे चार भाग करून आलटून पालटून काळे-पांढरे रंगवा, मध्ये भोक पाडून दोरी ओवा, खाली वजन लावा. उन्हात, सावलीच्या बाजूने, गॉगल न लावता ती सोडत जायची. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, यांची सरासरी घ्या. २ मीटरपेक्षा कमी आली तर घरी जा. २ ते ४ मीटर असेल तर अनुभवी जोडीनेच आणि बडी दोरी बांधून. ४ च्या वर असेल तर सराव चांगला होतो. आडव्या अंतरावरचं दिसणं यापेक्षा वेगळं असू शकतं, पण जायचं की नाही हे ठरवायला हा आकडा पुरेसा आहे.

शेवटची चाचणी वासाची. जाड बाटलीला वजन बांधा, बूच दोरीला लावा, तळाच्या एक मीटर वर नेऊन हिसका मारा. बूच निघतं, तळाचं पाणी भरतं. वर आणून लगेच थर्मामीटर बुडवा आणि नाकाशी धरा. कुजक्या अंड्याचा वास आला तर खालच्या थरात प्राणवायू संपलाय आणि हायड्रोजन सल्फाइड आहे. त्या थरात जायचं नाही. मास्कच्या कडेने सुद्धा तो त्रास देतो, आणि तिथं बघण्यासारखं काही जिवंत नसतं.

पाणी कधी निवळतं

जून ते ऑक्टोबर विसरा. पाऊस थांबल्यावर बारीक माती बसायला काही आठवडे लागतात. ती डोळ्यांना दिसत नाही इतकी बारीक असते म्हणून इतका वेळ. डिसेंबर ते फेब्रुवारीचा मध्य हा चांगला काळ. रात्री थंड असल्यामुळे वरचं आणि खालचं पाणी मिसळतं, शेवाळ कमी असतं. मार्चपासून ऊन चढतं, वरचं पाणी कोमट होऊन खालच्या गार पाण्यावर स्वतंत्र थर करून बसतं. वरच्या थरात शेवाळ वाढून तो हिरवट होतो. खालचा थर कधी कधी जास्त स्वच्छ दिसतो, पण तिथंच वासाची अडचण सुरू होते. दोन थरांच्या सीमेवर पाणी तेलकट, हलल्यासारखं दिसतं आणि अंगाला एकदम गार लागतं. दचकून श्वास जोरात घेऊ नका. सूट ५ मिमीचा पूर्ण अंगाचा घाला. मालवणचा ३ मिमी इथं थिटा पडतो.

शिसं किती

समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड आहे, म्हणून तिथं खाली जायला अंगावर जास्त शिसं (वजन) लागतं. तुमचं वजन ७० किलो आणि सगळं सामान २५ किलो धरलं तर ९५ चे अडीच टक्के म्हणजे २.४ किलो. त्याच सूटमध्ये समुद्रात ८ किलो लागत असेल तर इथं साडेपाच किलो. पण ३ मिमीवरून ५ मिमी सूटवर गेलात तर सूटच जास्त तरंगतो, तेव्हा हा हिशेब उलट फिरतो. म्हणून प्रत्यक्ष तपासा. तरण तलावाचं पाणीही गोडंच, तिथं केलेली तपासणी खणीत चालते. सिलिंडरमध्ये ५० बार दाबाची हवा ठेवून, बीसीडी पूर्ण रिकामा करून, नेहमीचा श्वास धरून उभं राहायचं. पाणी डोळ्यांच्या पातळीला असावं आणि श्वास सोडला की सावकाश खाली जावं. भरल्या सिलिंडरवर तपासलं तर शिसं कमी भरतं. ११ लिटरचा ॲल्युमिनियम सिलिंडर रिकामा होत जाताना सुमारे अडीच किलो हलका होतो, आणि शेवटी वर येताना ५ मीटरवर जो तीन मिनिटांचा थांबा घ्यायचा तिथं थांबता येत नाही.

जास्त शिसं लावणाऱ्यांचं मात्र खणीत लगेच नुकसान होतं. ते पाय खाली करून तरंगतात, फिन्स तळाला लागतात, आणि एका लाथेत उठलेला गाळ तासभर बसत नाही. मागून येणाऱ्याची डाइव्ह तिथंच संपते.

उंचीचा हिशेब

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे. किती खोलीवर किती वेळ राहायचं हे सांगणारी डाइव्ह टेबल ३०० मीटरच्या आतल्या उंचीसाठी केलेली असतात, त्यामुळे आपल्याकडची प्रत्येक डाइव्ह उंचीवरची डाइव्ह धरायची. इथं हवेचा दाब साधारण ०.९५ बार आहे. खाली दाबाने अंगात मुरलेला नायट्रोजन वर येताना दाब घटला की बुडबुडे करून त्रास देतो, आणि इथं वर येताना दाब ज्या प्रमाणात घटतो ते प्रमाण समुद्रापेक्षा मोठं पडतं. गोड्या पाण्याचा हलकेपणा जमेस धरला तरी खणीतले १८ मीटर हे समुद्रातल्या सुमारे १८.७ मीटरसारखे होतात. टेबलात पुढची ओळ, म्हणजे २१ मीटरची, वापरा. गंमत अशी की समुद्रासाठी बनवलेला काट्याचा खोलीमापक नेमका उलटा चुकतो. १८ मीटरवर तो १७ च्या आसपास दाखवतो, कारण त्याचा शून्य समुद्रकाठचा आहे. काट्यावर विसंबलात तर दोन्ही चुका एकाच दिशेने साठतात. डाइव्ह कॉम्प्युटर असेल तर गोड्या पाण्याची सेटिंग करा आणि उंची तो स्वतः ओळखतो की हाताने द्यावी लागते ते त्याच्या पुस्तिकेत बघा.

कोल्हापुरात राहणाऱ्याचं शरीर इथल्या दाबाला सरावलेलं असतं. कोकणातून सकाळी आलेल्या माणसाने मात्र पोचल्यावर ६ तास थांबून मग उतरावं.

उलटा प्रवास जास्त महत्त्वाचा आहे आणि त्याकडे कुणी लक्ष देत नाही. रविवारी मालवणला दोन डाइव्ह, आणि संध्याकाळी फोंडा, गगनबावडा किंवा अंबोली मार्गे घरी. घाटमाथा ओलांडताना गाडी ६०० मीटर आणि त्याहून वर जाते, अंबोली तर सुमारे ६९० मीटरवर आहे. डाइव्हनंतर विमानात बसण्याचे नियम ६०० मीटर म्हणजे २,००० फुटांपासूनच्या केबिन उंचीला लागू होतात: एका डाइव्हनंतर किमान १२ तास, एकापेक्षा जास्त डाइव्हनंतर किमान १८ तास. आपला घाट त्या मर्यादेवर बसतो. ६-७ मीटरवर पंधरा मिनिटांची ओळखीची डाइव्ह करणाऱ्याच्या अंगात नायट्रोजन थोडाच मुरलेला असतो. पण १८ मीटरच्या दोन डाइव्ह करणाऱ्यांनी शनिवारी डाइव्ह संपवून रविवारी दुपारी घाट चढावा.

हवा

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कॉम्प्रेसर भरपूर आहेत, म्हणून हा सल्ला ठळकपणे: कारखान्याच्या किंवा गॅरेजच्या कॉम्प्रेसरची हवा श्वासाला घ्यायची नाही. तो ७ ते १० बारचा असतो, सिलिंडरला २०० बार लागतात. त्याहून वाईट म्हणजे त्याच्या तेलाची वाफ आणि गरम तेलातून होणारा कार्बन मोनॉक्साइड हवेत मिसळतो. जमिनीवर डोकं दुखवणारं त्याचं प्रमाण १५ मीटरवर अडीचपट परिणाम करतं. वेल्डिंगचा किंवा दवाखान्याचा ऑक्सिजन भरून उतरणं तर जीवघेणं: शुद्ध ऑक्सिजन ६ मीटरच्या खाली झटके आणतो. श्वासाच्या हवेचा कॉम्प्रेसर जिथं आहे तिथूनच, म्हणजे बहुधा किनाऱ्यावरून, भरलेले सिलिंडर आणावे लागतात. सिलिंडरच्या खांद्यावर ठोकलेली हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने केलेल्या चाचणीची) तारीख बघा. गाडीत आडवे, पाचर लावून न्या. बंद काचांच्या गाडीत उन्हात ठेवू नका.

किती हवा पुरते याचा हिशेब काठावरच करा. शांतपणे पोहणारा माणूस वर मिनिटाला २० लिटर घेतो असं धरू. १५ मीटरवर दाब अडीच पट, म्हणजे मिनिटाला ५० लिटर. ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारला २,२०० लिटर. आता राखीव हवा. बडीची हवा बंद पडली आणि दोघं एकाच सिलिंडरवर वर येताहेत, घाबरून दोघांचा मिळून खर्च मिनिटाला ६० लिटर. खाली एक मिनिट सावरण्यात १५०, वर येताना दोन मिनिटं २१०, ५ मीटरवर तीन मिनिटं २७०. एकूण ६३०, म्हणजे ५७ बार. न दिसणाऱ्या पाण्यात दोरी शोधायला लागणारा वेळ धरून ७० बारला तळ सोडायचा आणि १०० ला परत फिरायचं. "५० बारने वर या" हे समुद्रात ऐकलेलं वाक्य इथं वापरू नका.

उतरणं

आधी दोरी. १५ ते २० किलोचं वजन (सिमेंट भरलेला डबा चालतो) पायरीवर सोडा, वर ट्यूब बांधा, दोरी ताठ ठेवा. सगळे ह्याच दोरीने खाली आणि ह्याच दोरीने वर. मोकळ्या खणीत मधल्या पाण्यात वर-खाली कळत नाही. नजर टेकायला काही नसतं, डोकं गरगरतं आणि माणूस नकळत वेगाने वर येतो.

खाली जाताना पाय पुढे, एक हात दोरीवर, दुसरा नाकावर. दर मीटरला कान मोकळे. ३ मीटरवर थांबून एकमेकांचे बुडबुडे गळतात का ते बघा. पायरीवर पोचलात की तळापासून १ मीटर वर आडवे व्हा. पाय वर-खाली न मारता बेडकासारखे मागे ढकला. वजनापासून रीलची दोरी बांधून भिंतीकडे जा, भिंत एकाच हाताला ठेवून पुढे, आणि त्याच दोरीवरून परत. दिसणं ४ मीटरच्या आत असेल तर दोघांमध्ये दीड-दोन मीटरची बडी दोरी हातात धरा. मनगटाला गाठ मारू नका, एक अडकला तर दुसऱ्याला सोडता आलं पाहिजे. दोरीच्या खुणा आधी बोलून ठरवा: एक हिसका सगळं ठीक, दोन थांब, तीन वर, सलग हिसके म्हणजे मदत.

बडी हरवला तर एक मिनिट जागेवर गोल फिरून बघा, टॉर्च फिरवा, मग वर या. त्यानेही हेच करायचं असतं. जास्त वेळ शोधत बसलात तर तो वर आणि तुम्ही खाली, असं होतं.

मासेमारीची नायलॉन जाळी आणि पतंगाचा मांजा पाण्यात दिसत नाहीत. पाय ओढल्यासारखा वाटला की पहिली गोष्ट: थांबा, फिरू नका. फिरलं की गुंडाळलं जातं. बडीला खूण करून त्याच्याकडून कापून घ्या. दोघांकडेही कापायची दोन साधनं हवीत, एक छातीवर, एक मनगटावर. पोटरीला बांधलेला सुरा जाळ्यात हाताला येत नाही.

कपारीत दिवड दिसेल. पाण्यातला तो बिनविषारी साप आहे, त्याला वाट द्या.

वर येताना मिनिटाला ९ मीटरपेक्षा वेग नको, ५ मीटरवर दोरीला धरून ३ मिनिटं. शेवटचे ५ मीटर सगळ्यात हळू.

काठावरची माणसं

दोन पाण्यात असतील तर दोन काठावर. एकाने वेळ आणि बुडबुडे बघायचे, दुसऱ्याने पोरांना दगड मारू द्यायचे नाहीत. हे काम खरंच नेमून द्यावं लागतं. खण म्हटली की वरून दगड टाकायचा मोह आवरत नाही, आणि २० मीटर कड्यावरून आलेला दगड पाण्यातही दीड-दोन मीटर जोरात जातो. लाल कापडावर पांढरा तिरका पट्टा हा डाइव्हचा झेंडा गावात कुणाला माहीत नसतो. तो लावा, पण त्यावर विसंबू नका.

काठावर २५ मीटर फेकायची दोरी, ट्यूब, प्रथमोपचार आणि मास्कसह वैद्यकीय ऑक्सिजन हवा. बी प्रकारच्या सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर असतो. मिनिटाला १५ लिटरने तो १०० मिनिटं चालतो, राधानगरीहून कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात पोचेपर्यंत पुरतो. वर आल्यावर सांधे दुखणं, अंगाला मुंग्या, पाय जड, चक्कर, बोलणं अडखळणं यातलं काही दिसलं तर आडवं झोपवा, ऑक्सिजन सुरू करा, १०८ ला फोन करा आणि "स्कूबा डाइव्हनंतर" हे शब्द सांगा. हे प्रत्येक डॉक्टरच्या नेहमीच्या कामातलं नसतं. अशा रुग्णाला पुन्हा दाबाखाली ठेवून उपचार करायच्या चेंबरची सोय मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात आहे. त्या रात्री कुठं न्यायचं, कुणाला फोन करायचा, हे डाइव्हच्या आधी कागदावर लिहिलेलं असावं. कुणी खालून आलंच नाही तर ११२ आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७. आणि काठावरच्याने स्कूबा येत नसेल तर मागोमाग उडी मारायची नाही.

बाहेर आल्यावर

स्वच्छ पाण्याने अंघोळ, कान कोरडे, जखम असेल तर साबणाने धुणं. अंगावर ताजी जखम असताना मुळात उतरूच नये, कारण गुरं धुतल्या जाणाऱ्या आणि उंदीर-घुशींचा वावर असलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं दिसलं तर डॉक्टरला खणीच्या पाण्यात उतरल्याचं आधी सांगा. कॉन्टॅक्ट लेन्स घालून गोड्या पाण्यात जाऊ नका. नंबरचा मास्क करून मिळतो.

सामान धुताना रेग्युलेटरच्या पहिल्या (सिलिंडरला बसणाऱ्या) टप्प्याची टोपी घट्ट लावा आणि पर्ज (हवा सोडायचं) बटण दाबू नका, नाहीतर गाळ आत जातो. दुसरा, तोंडात धरायचा टप्पा वाहत्या पाण्याखाली धरा. गाळाचा एक कण झडपेत राहिला तर पुढच्या डाइव्हला हवा सुटत राहते. बीसीडीच्या पिशवीत आलेलं पाणी उलटं धरून काढा. सगळं पूर्ण वाळल्याशिवाय दुसऱ्या तलावात नेऊ नका. जलपर्णीचा एक तुकडा फिनच्या खाचेत बसून पुढच्या स्वच्छ खणीत पोचतो, आणि ती एकदा पसरली की काढून संपत नाही. वहीत तारीख, ताटलीचा आकडा, तळाचं तापमान, सापडलेल्या अडथळ्यांची जागा लिहा, आणि नकाशाची एक प्रत खणीच्या मालकाकडे द्या.